दोन सीटचं भाडं

एशोवे
६ फेब्रुवारी २००५

बोंगीचे बाबा,

फोटोत बोंगीला मान दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. इतक्या महिन्यांनी माणसाला पत्र लिहायची बुद्धी झाली, आणि त्यात लिहिलं काय, तर मान दिसत नाही! "तिला जरा कमी वाढत जा" म्हणे. अहो, मान दिसायला कशाला हवी? थोकोची दिसत होती की. मान दिसत होती, गळ्याखालची हाडं दिसत होती, बरगड्या तर मोजून घ्या म्हणत होत्या. तुम्ही थोरल्या लेकीला माती दिलीत, टॅक्सीत बसलात आणि जोहान्सबर्गच्या खाणीवर जे गेलात ते गेलात. लोकांच्या नजरा झेलायला मागे राहिले मी. मयतीला आलेल्या बायका पेटीत डोकावून एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. "वाळून गेली गं पोर." आपल्याकडे वाळली म्हणजे काय झालं, हे शेंबड्या पोराला पण कळतं. त्या रोगाचं नाव कुणी घेत नाही. नुसतं "वाळली" म्हणायचं आणि जिभेनं चक् चक् करायचं.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की उरलेल्या लेकीचं एक हाड म्हणून कुणाला दिसू द्यायचं नाही. बोंगी तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि कशी होती ते तुम्हाला ठाऊक आहे, वारा आला तर उडून जाईल अशी. आज येऊन बघा. सकाळी तळलेले पाव, वर लोण्याचा थर. दुपारी मक्याचं फुतू आणि कोंबडी कातडीसकट. चहात मी साखर मोजत नाही, ओतते. थंडाची मोठी बाटली घरात कायम असते. बाजारात जायला पंधरा सीटच्या टॅक्सीत बसलो की झुंगू ड्रायव्हर आरशातून हसतो, "माझोंडी, पोरीचे दोन सीटचे लागतील हं!" दुसरी असती तर भांडली असती. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणते, "घे बाबा दोनचे. माझी बोंगी आहे, दोन लागतातच." सगळी टॅक्सी ऐकते. ऐकू दे.

गुडघे दुखतात तिचे, तेवढं खरं. काखेत, पोटाच्या वळीत गळवं उठतात, एक बसलं की दुसरं. साधी सर्दी झाली तरी छातीत उतरते आणि महिनाभर मुक्काम करते. पण हे सगळं नजरेचं आहे. शेजारच्या माबियेलाची नजर तुम्हाला माहीतच आहे.

आता कामाचं. साखर कारखान्यातला भेकानी न्तुली, त्याच्या घरून बोंगीला मागणी येतेय. ईस्टरच्या शनिवारी त्यांची माणसं पहाटे आपल्या फाटकाशी उभी राहून तुमच्या कुळाची नावं पुकारणार. फाटक उघडायला घरचा पुरुष लागतो. तुमचे भाऊ दोघंही मातीत गेले. राहिलात तुम्ही. ईस्टरला खाणीला सुट्टी असते, हे मला कुणी सांगायला नको.

हे पत्र माबियेलाच्या थुलानीबरोबर देतेय. तो तुमच्याच खाणीवर आहे, तेव्हा मिळालं नाही असं म्हणायची सोय नाही.

तुमची, अजून तरी,
माझोंडी


२९ मार्च

बोंगीचे बाबा,

नाहीच आलात.

पहाटे ती माणसं आली. "मावुंडला! मावुंडला!" करून तुमच्या कुळाला पुकारलं, तुमच्या आज्या-पणज्यांची नावं घेतली. त्या म्हाताऱ्याचा आवाज काय खणखणीत होता! मी स्वयंपाकघरात दाराआड उभी, बोंगी नवीन झग्यात घामाघूम, आणि फाटक बंद. ऊन वर आलं तरी बंद. माबियेला कुंपणावर कपडे वाळत घालायच्या निमित्तानं येऊन बसली होती. एकच झगा तिनं किती वेळा झटकला, देवाला माहीत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शेवटी मी तुमच्या चुलतभावाला, एका डोळ्याच्या फानाला, मागच्या वाटेनं निरोप पाठवला. तोंडाला बियरचा वास मारत होता, पण आला बिचारा, आणि फाटक उघडून असा बोलला की तुम्हालाही जमलं नसतं.

बोलणी जमली. बोंगीसाठी ते किती गुरं देणार, तेही ठरलं. भेकानीच्या आत्यानं बोंगीचा दंड चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, "रोगट नाही पोर. दिसतंय ना डोळ्यांना." त्या एका वाक्यासाठी मी सहा वर्षं राबलेय, समजलं?

फानानं बकरा कापला, पित्त बोंगीच्या पायांवर शिंपलं, धूप जाळून तुमच्या पूर्वजांना सांगितलं की पोर परक्या घरी जातेय, तिच्या पाठीशी राहा. मग बकऱ्याच्या ओल्या कातडीचं कडं तिच्या उजव्या मनगटात चढवलं. पहिला तुकडा पुरला नाही. "हे मनगट आहे की माझी मांडी?" फाना म्हणाला आणि अंगणभर हशा झाला. बोंगीही हसली.

तुम्ही विसरला असाल तर आठवण करून देते. ते कडं मनगटावरच वाळतं आणि आपलं आपण गळून पडतं. तोवर त्याला हात लावायचा नाही. फाना जाताना मला बजावून गेला, "वहिनी, बांधताना मी तुझ्या नवऱ्याच्या वतीनं बोललोय. मध्येच काढायची वेळ आली, तर त्यालाच बोलावं लागेल. मी त्या घरात पाहुणा." मी म्हटलं, काढायची वेळ कशाला येतेय?

बोंगी त्या दिवशी फार थकली. लोक गेल्यावर घागरीतलं पाणी पीत बसली, थांबेचना. एवढ्या उन्हात उभी राहिली, दुसरं काय.

माझोंडी


१४ एप्रिल

बोंगीचे बाबा,

आधी आनंदाची बातमी. बोंगीला तो रोग नाही! सरकारी कागदावर लिहून दिलंय.

तुम्ही म्हणाल, मुळात तपासायला नेलंच कशाला? तर ऐका. ईस्टरनंतर बोंगी उतरायला लागली. झगा खांद्यावरून घसरायला लागला. मी ताट वाढवलं. तिला तहान फार, म्हणून थंडाच्या दोन-दोन बाटल्या आणून ठेवायला लागले. खाते आहे, पिते आहे, आणि पोर तरी खालीच! थोकोचं असंच सुरू झालं होतं. त्यात नळावर माबियेला सगळ्यांच्या देखत म्हणाली, "बोंगी जरा उतरली का गं, माझोंडी?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, एकदाचा कागद आणते आणि हिच्या नाकावर मारते.

कागद मिळाला तेव्हा मी दवाखान्याच्या आवारात नाचले. खरंच नाचले, सँडल हातात घेऊन. आतून गुमेडे सिस्टर आली आणि म्हणाली, "आई, नाचून झालं असेल तर आत या. मला अजून बोलायचंय."

बोंगीच्या रक्तात साखर झालीय म्हणे. ती उतरतेय ते त्या साखरेनंच. आणि ती साखर माझ्या ताटानं आलीय. असं तोंडावर बोलली, वयानं माझ्या लेकीसारखी बाई! मी म्हटलं, "धडधाकट दिसतेय की पोर."

"दिसतेय," ती म्हणाली. "आई, चरबी म्हणजे गोणीत भरून ठेवलेलं पीठ नाही. ती जिवंत असते. फार झाली की रात्रंदिवस ओरडत राहते, चोर आला, चोर आला. अंगातले राखणदार धावतात. चोर नसतोच. मग ते घरातल्याच माणसांना बडवतात. हिचे गुडघे का सुजतात? हिरड्यांतून रक्त का येतं? अंगात सारखी धुमसती आग आहे हिच्या, इतकी वर्षं. तुमच्या शेजारी रात्रभर उगाचच भुंकणारा कुत्रा असला तर तुम्ही काय करता?"

"कानावर उशी घेते."

"आणि मग खरंच चोर आला तर?"

"आमच्या शेजारी कुत्रा नाही," मी म्हटलं, "माबियेला आहे."

बोंगीला हसू फुटलं. सिस्टर हसली नाही. तिनं बोंगीची बाही वर केली आणि त्या कड्याकडे बघत राहिली.

तेवढं तुम्हाला सांगायचं राहिलं. कड्याखाली जरा ओलसर झालंय. आधी नुसतं खाजत होतं, आता चिघळलंय. कडं वाळून आवळलं आणि मनगट सुजलं, त्यामुळे मांसात रुतल्यासारखं दिसतं. सिस्टरनं कात्री काढली. मी तिचा हात धरला.

"हजारो मनगटांवर बांधतात," मी म्हटलं. "कुणाला काही होत नाही."

"माझ्याही होतं, आई. लग्नाआधी. वाळलं, पडलं, मी उचलून जपून ठेवलं. कातडीचा दोष नाही. मला खरचटलं तर माझे राखणदार धावून आले. हिचे दमलेत. वर रक्तात साखर, तिनं ते सुस्तावलेत. हिच्या अंगात आता साध्या ओरखड्यातून काही शिरलं तरी हाकलायला कुणी उठत नाही. कापू द्या मला."

मी म्हटलं, घरच्या मालकाला विचारल्याशिवाय नाही. लग्न तोंडावर आलंय. पूर्वजांनी पाठ फिरवली तर? कडं मध्येच कापलेली सून न्तुलींच्या घरात पाऊल टाकेल का? भेकानीची आत्या पहिली नजर मनगटावरच टाकणार.

गोळ्याही दिल्यात. रोज ठरल्या वेळेला घ्यायच्या. घड्याळ बघून गोळी घेणारी माणसं इथे कोण असतात, हे तुम्हाला वेगळं सांगू का? आणि दर मंगळवारी यायला सांगितलंय. साखरवाल्यांना ज्या बाकावर बसवतात, त्याच बाकावर त्या रोगाचेही बसतात. रस्त्यावरून सगळं दिसतं. कागद काय मी कपाळाला चिकटवून फिरू? गोळ्या मी पिठाच्या डब्यात ठेवल्यात. लग्न होऊ दे, मग बघू.

तेव्हा एवढंच करा. यायला जमत नसेल तर तिथे धूप जाळा, पूर्वजांना चार शब्द सांगा आणि मला एक ओळ लिहून पाठवा, "कापा" म्हणून. मी लगेच कापते. थुलानी रविवारी परत येतोय.

माझोंडी


२५ एप्रिल

बोंगीचे बाबा,

थुलानी हात हलवत आला. "काकांनी पत्र वाचलं" म्हणाला. मग? "मग काही नाही, काकू." आणि जमिनीकडे बघत उभा राहिला.

बोंगी बरी आहे. म्हणजे उठून बसते. हात जड झालाय, कोपरापर्यंत लाल. वास येऊ नये म्हणून मी निलगिरीचा पाला बांधते आणि वर लांब बाहीचा स्वेटर घालते. माझी फार गुणी पोर आहे हो. दिवसातून एकदाच म्हणते, "आई, काप ना." मी म्हणते, "बाबांची ओळ येऊ दे." मग गप्प बसते. काल मात्र म्हणाली, "आई, बाबांना आपण कितीदा विचारायचं?"

परवा भेकानीची आत्या आली होती, न कळवता. मी घाईघाईनं बोंगीच्या झग्याखाली दोन स्वेटर चढवले. बोंगी म्हणाली, "आई, मी गुदमरतेय." मी म्हटलं, थोडा वेळ सोस. आत्या समोर बसली आणि बोंगीच्या गळ्याकडेच बघत राहिली. स्वेटरनं दंड भरतात, गळा कसा भरायचा? तिथलं हाड वर आलंय. आत्यानं चहा अर्धा ठेवला. जाताना म्हणाली, "लग्न थंडीनंतर बघू. घाई काय आहे?" मी तो कागद काढला, रोग नाही म्हणून दाखवला. तिनं वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाली, "कागद काय, कुणीही आणतं हो."

भेकानी त्यानंतर फिरकला नाही.

तुम्ही म्हणाल, मोठ्या दवाखान्यात का नेत नाहीस? नेलं की ते पहिलं कडं कापणार, मला विचारणारसुद्धा नाहीत. आणि जिथे थोको गेली, तो वॉर्ड त्याच व्हरांड्यात आहे. मला त्या पायऱ्या चढवत नाहीत. घ्या, सांगितलं. आता हसा.

एक ओळ. मी मरेपर्यंत तुमच्याकडे दुसरं काही मागणार नाही.

माझोंडी


२ मे

मावुंडला,

मी कापलं.

काल सकाळी बोंगी थंडीनं कुडकुडत होती आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. थोकोशी बोलत होती. "थोको, जरा सरक ना, मला जागा दे." दोघी लहानपणी एका चटईवर झोपायच्या तेव्हा म्हणायची, तसंच. ते ऐकलं आणि माझ्यातलं काहीतरी तुटलं. म्हटलं, मरो तो माणूस आणि मरो त्याची ओळ.

तुझ्या घराच्या मागच्या भिंतीशी, जिथे तुझा बाप पूर्वजांशी बोलायचा, तिथे मी धूप जाळला. बायकोनं तिथे बोलायचं नसतं, मला माहीत आहे. मी परक्या कुळातली. तरी बोलले. म्हटलं, "अहो, मी झोंडींची लेक. तुमच्यासाठी एवढी वर्षं बियर गाळली, तुमची मयतं सांभाळली, तुमच्या वंशातल्या एका पोरीला पुरलं. तुमचा मुलगा येत नाही, त्याला मी काय करू? मी हे कापतेय. राग आला तर माझ्यावर काढा." कोंबड्या तेवढ्या दाणे टिपत होत्या.

शिवणकामाच्या कात्रीनं कापलं. खाली काय होतं ते मी तुला लिहिणार नाही. ते तू बघायला हवं होतंस.

झुंगूनं मागचा अख्खा बाक रिकामा केला आणि तिला आडवं झोपवलं. लोकांना खाली उतरवलं. भाड्याचं नाव काढलं नाही. त्या पायऱ्या मी चढले, कशा ते आठवत नाही. डॉक्टर म्हणाला, विष रक्तात गेलंय आणि साखर मशीनला मोजता येत नाही एवढी आहे. हात वाचवायचा प्रश्न कालच संपला, आता जीव बघू. गुमेडे सिस्टर धावत आली होती. मला वाटलं बोलेल. मी वाट बघत होते बोलायची. ती नुसती माझ्या शेजारी बसली आणि माझा हात धरला. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

मी तिला म्हटलं, "सिस्टर, मी तिला उपाशी ठेवलं नाही हो कधी."

ती म्हणाली, "माहीत आहे, आई."

ती गोणीतल्या पिठाचं बोलली होती ना, तेव्हा मला राग आला होता. कालपासून मी तेच डोळ्यांपुढे आणतेय. मी भरत होते आणि आत पोरीचं अंग चोर चोर म्हणून ओरडत होतं. मला कसं ऐकू आलं नाही? एका घरात राहत होतो आम्ही.

तू ये किंवा येऊ नकोस. मला आता तुझं काही नको.


१७ मे

बोंगीचे बाबा,

बोंगी सोमवारी गेली. शनिवारी माती दिली. फाटक या वेळी उघडंच होतं.

मागच्या पत्रात मी तुम्हाला वाटेल तसं बोलले. ते तसंच राहू द्या. पण आज वेगळं लिहायचंय.

मयतीला पुन्हा त्याच बायका, पुन्हा पेटीत डोकावणं. मी तिला तिचा मोठा झगा घातला होता, दंडाला, पोटाला कापूस लावला होता. तरी चेहऱ्याला काय करणार? माबियेला हळूच म्हणाली, "वाळून गेली गं पोर." तो कागद माझ्या कनवटीला होता. काढावासाच वाटला नाही. सहा वर्षं मी एकाच रोगाच्या वाटेवर काठी घेऊन उभी राहिले आणि दुसऱ्याला हातानं घास भरवत राहिले. हे मी कुणाला समजावू, आणि कोणत्या तोंडानं?

भेकानी आला होता. कुंपणाबाहेर उभा राहून रडला आणि गेला. आत्यानं येऊ दिलं नसेल.

आता तुमचं. लोक पांगल्यावर थुलानी स्वयंपाकघरात आला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. मी विचारलं, काय रे? म्हणाला, "काकू, काकांनी मला शपथ घातली होती." मग बोलला. माझी प्रत्येक वेळची पत्रं तुम्हाला मिळाली. तुम्ही वाचता, उशाखाली ठेवता. तुम्ही दिवाळं निघाल्यासारखे बसून असता म्हणे, खाणीत उतरला नाहीत त्याला वर्ष होत आलं. पँट दोरीनं बांधता. त्यानं सांगितलं, "काकूंना चार ओळी तरी लिहा," तर तुम्ही म्हणालात, "काय लिहू? मी इथून 'कापा' म्हणून लिहायचं, तर आधी पूर्वजांसमोर उभं राहावं लागेल. हे अंग घेऊन उभा राहू?"

शिव्या द्यायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

म्हणजे तुम्हीपण. म्हणूनच ईस्टरला आला नाहीत. अंगणभर माणसांनी तुमच्या गळ्याकडे बघितलं असतं आणि मागणी जागच्या जागी मोडली असती, असंच ना? लेकीचं लग्न मोडू नये म्हणून तुम्ही तिकडे हाडं लपवून बसलात आणि मी इकडे तिची लपवत बसले. कुणी काही बघायला नको, बास. आपल्या दोघांच्या मधोमध ती पोर "आई, काप ना" म्हणत होती.

घरी या. जसे असाल तसे या. दिवसा या, टॅक्सी स्टँडवर उतरा, माबियेलाच्या दारावरून चालत या. मी पुढे होऊन तुमची पिशवी घेईन. ज्याला बघायचं त्याला बघू दे. इथे गोळ्या मिळतात, घड्याळ बघून घ्यायच्या. त्या मंगळवारच्या बाकावर मी तुमच्या शेजारी बसेन. बोंगीच्या शेजारी बसले नाही, तुमच्या बसेन.

एक काम तुमचं होतं, तेही मीच उरकलं, तेवढं सांगते आणि थांबते. माणूस दवाखान्यात गेलं की त्याचा जीव त्या खाटेशीच घुटमळत राहतो, घरच्यानं जाऊन आणावा लागतो. शुक्रवारी मी काटेरी फांदी घेऊन गेले. त्या खाटेवर दुसरी बाई निजली होती. तिला म्हटलं, "बाई, जरा पाय घेतेस?" तिनं काही न विचारता घेतले. मी फांदी गादीवर टेकवली आणि म्हटलं, "बोंगी, चल घरी. पायऱ्या आहेत, सांभाळून. आता फाटक आलं. आता आपण झुंगूच्या टॅक्सीत बसतोय." फांदी माझ्या शेजारी बाकावर ठेवली.

झुंगूला सगळं ठाऊक. त्यानं टोपी काढली, हात पुढे केला आणि हळूच म्हणाला, "माझोंडी, तुझं एक आणि तिचं एक."

मी तीन सीटचे दिले.

"आई," तो म्हणाला, "तिला आता एकच पुरेल."

वाटेत दुसऱ्या कुणाशी बोलायचं नसतं. तरी बोलले. म्हटलं, "माझी बोंगी आहे. दोन लागतातच."

त्यानं मुकाट्यानं घेतले. रस्त्यात माणसं हात करत होती, पण त्या दोन जागांवर त्यानं घरापर्यंत कुणाला बसू दिलं नाही.

माझोंडी